लस टोचलेलं डुक्कर आणि आजारी डुक्कर वेगळं ओळखता येतं का?
वर सांगलीच्या दादांनी विचारलंय की स्वाइन फीवर या डुकरांच्या व्हायरसच्या रोगाची लस दिल्यावर रक्त तपासलं तर ती अँटीबॉडी लसीची का रोगाची हे कळतं का. फार महत्त्वाचा प्रश्न आहे, आमच्या कराडकडच्या पाहुण्यांचा पण डुकरांचा गोठा आहे म्हणून मी यात बरंच डोकं घातलंय.

या व्हायरसच्या बाहेरच्या आवरणावर ई२ नावाचं प्रोटीन असतं, त्याच्या जोरावर तो पेशीला चिकटतो आणि आत शिरतो, आणि डुकराचं शरीर व्हायरसला निकामी करणाऱ्या ज्या अँटीबॉडी बनवतं त्या मुख्यतः याच ई२ विरुद्ध असतात. म्हणून नुसतं ई२ वेगळं बनवून त्याची लस करता येते. अशी लस दिलेल्या डुकरात फक्त ई२ च्या अँटीबॉडी सापडणार. पण आवरणावरच्याच दुसऱ्या प्रोटीनच्या, ईआरएनएसच्या अँटीबॉडी सापडल्या तर खरा व्हायरस येऊन गेलाय समजायचं!

आपल्याकडं मात्र सशांत वाढवलेली जिवंत लस वर्षानुवर्षं चालली, २०२० मध्ये बरेलीच्या आयव्हीआरआय या जनावरांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची सेल कल्चरवाली, म्हणजे सशाऐवजी प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेली लस आली, पण ती पण जिवंतच, अख्खा व्हायरस, त्यामुळं दोन्ही अँटीबॉडी येतात आणि फरक कळत नाही. तेव्हा दादा, टोचल्याची तारीख लिहूनच ठेवा.

आणि आफ्रिकन स्वाइन फीवर हा पूर्ण वेगळा व्हायरस आहे, त्याला ही लस अजिबात चालत नाही, कुणी चालते म्हणून विकत असेल तर घेऊ नका.