केवडा, नाग आणि शंकराचा शाप
बरेच जण विचारतात ना, केवडा घरात आणला की नाग येतो का आणि शंकराला तो का चालत नाही. नागाचं म्हणाल तर वासाबिसाला काही येत नाही हो, केवड्याचं बन असतं ओढ्याकाठी नाहीतर खाडीकडेला, खाली मुळांचं जंजाळ, त्यात बेडूक उंदीर भरपूर, मग साप असणारच की! शंकराची गोष्ट अशी, ब्रह्मदेवाने ज्योतिर्लिंगाचं टोक पाहिलं म्हणून थाप मारली आणि केतकीने, म्हणजे या केवड्यानेच, खोटी साक्ष दिली, म्हणून शाप. पण गंमत बघा, हरतालिकेला आमच्याकडे पिंडीवर केवडा लागतोच, आई आदल्या दिवशी मंडईतून आणायची आणि पानांच्या काट्यांनी बोटं ओरबाडून घ्यायची. केवड्याचं ते कणीस म्हणजे नर फुलोरा बरं का, वास त्यालाच, मादी झाडाला अननसासारखं फळ धरतं. पूजेनंतर आई एक पान पैठणीच्या घडीत ठेवायची. दिवाळीत ट्रंक उघडली की पानाचा पार कागद झालेला, पण वास तसाच. केवडा दृष्ट-करणीसाठी वापरतात वगैरे काही जण म्हणतात, ते मात्र आमच्याकडे कधी पाहिलं नाही बुवा.