लग्नातलं उरलेलं जेवण वाटतो. आता संस्था काढावी का?

कृष्णाकाठची, कराड

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण गेलं सव्वा वर्ष कराडच्या आसपासच्या मंगल कार्यालयांतून उरलेलं जेवण उचलतो आणि वाटतो. सुरुवात माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात झाली. ८०० पानं सांगितली होती. ऐन मुहूर्ताला वळवाने झोडपलं आणि माणसं आली साडेचारशे. दुपारी तीनला आचाऱ्याची पोरं मसालेभाताचं पातेलं मागच्या खड्ड्यात ओतायला निघाली, तेव्हा मी आडवी गेले. भावाच्या रिक्षात घालून ते पालांवर नेलं. अर्ध्या तासात पातेलं चाटून-पुसून रिकामं. त्या उत्साहात ग्रुप काढला, नंबर कार्यालयांत चिकटवला.

आता गेल्या गुरुवारची गोष्ट. रात्री पावणेबाराला फोन, "या, दोनशे माणसांचं आहे." गेलो. भात, बासुंदी, बटाट्याची भाजी. रात्री एक वाजता कुणाला उठवणार? सकाळी वाटू म्हणून पातेली माझ्या घरी ओट्याखाली ठेवली. सकाळी झाकण काढलं तर बासुंदी फसफसलेली आणि भात बोटाला तार धरत होता. सगळं घंटागाडीत गेलं. आई एवढंच म्हणाली, "कार्यालयाचा कचरा तू घरी आणलास." दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

आमच्यातला एक जण म्हणतो की संस्था नोंदवू, देणग्या मिळतील, टेम्पो आणि मोठा फ्रीज घेऊ, मग हे प्रश्न येणार नाहीत. खरंच तसं होतं का? परवाना लागतो का? उद्या कुणाला बाधलं तर? आणखी एक. एका वस्तीत आम्हाला सरळ "नको" म्हणाले. बायका डबे बघून घरात निघून गेल्या. आमचं काय चुकलं तेच कळत नाहीये.

हिशेबनीस, पुणे

कागदांपुरतं सांगतो.

सार्वजनिक न्यास म्हणून १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. तुमचं काम साताऱ्याच्या कार्यालयात होईल. नोंदणी अवघड नाही, पुढची निगराणी अवघड. दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. पाच मित्रांपैकी दोघांची लग्नं होऊन ते गाव सोडतात आणि मग सह्यांसाठी धावाधाव होते, असे न्यास माझ्याकडे ढिगाने येतात.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे उरलेल्या अन्नाबद्दलचे वेगळे नियम आहेत, २०१९चे, १ जुलै २०२० पासून लागू. त्यानुसार अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाही नोंदणी लागते. आपण फुकट देतो, आपल्याला कशाला, असं चालत नाही.

देणगीदाराला करसवलत हवी असेल तर आयकर खात्याची मान्यता घ्या, जिला ८०जी म्हणतात. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. आणि केटररने "एवढं जेवण दिलं, त्याची पावती द्या" म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. वस्तुरूपातल्या देणगीला ती सवलत नाही. हा वाद तुमच्याकडे येणार म्हणजे येणार.

निवृत्त वाहक, मिरज

ताई, मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. निवृत्तीनंतर मिरजेत हेच करतो, यंदा आठवं वर्ष. हिशेबनीस साहेबांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे, करून घ्या. पण तुमची गाडी कागदापायी अडलेली नाही. भातापायी अडली आहे.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात पातेल्यात कोमट पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या करवणारं जे विष असतं ते भात परत गरम केला तरी जात नाही. हे मला आमच्या गल्लीतल्या नर्सबाईंनी पहिल्याच वर्षी वहीत लिहून दिलं. तोवर मी "चांगली वाफ काढली की झालं" या समजुतीत होतो. आता तुमचा गुरुवार आठवा. बासुंदीला वास आला म्हणून तुम्ही वाचलात. भाताला प्रत्येक वेळी वास येतोच असं नाही.

त्यामुळे आमच्याकडे नाकावर भिस्त नाही. चारशे रुपयांचा, सुईसारखा टोकदार थर्मामीटर आहे. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५च्या खाली. मधलं असेल तर विचारतो, कधी शिजलं? शिजल्यापासून चार तासांच्या आत पोटात जात असेल तरच उचलतो. दुधाचं काही घेत नाही. बासुंदी, फ्रूट सॅलड, मठ्ठा, काही नाही. पुऱ्या, पोळ्या, जिलबी, सुकी भाजी आनंदाने. बुफेच्या टेबलावरचंही नको, तिथं चारशे माणसांनी डाव घातलेला असतो. भटारखान्यात झाकून ठेवलेल्या पातेल्यातलं तेवढं घ्यायचं. आणि ते पातेलं कुठलं, हे मॅनेजरला विचारू नका, आचाऱ्याला विचारा.

रात्रीच्या लग्नाला मीच नऊ वाजता फोन करतो, "दादा, किती पंगती उठल्या?" त्याच्या आवाजावरून कळतं. दहानंतर आलेला फोन घेत नाही. पहिल्या वर्षी घ्यायचो. मग लक्षात आलं की काही ठिकाणी आपण फुकटची कचरागाडी झालोय. मॅनेजरला खड्डा खणायचा नसतो, एवढंच. तुमच्या आई बरोबर बोलल्या.

प्रत्येक फेरीचं मी वेबिल भरतो, एसटीत वाहक भरतो तसा नोंदींचा कागद, सवय जात नाही. कुठून उचललं, काय, किती वाजता, किती अंश, कुठं दिलं, किती वाजता. डब्यावर चिठ्ठी लावतो. पदार्थ, कुठला, कधीपर्यंत खायचा, शाकाहारी की मांसाहारी. पोरं वैतागतात. एकदा एका वस्तीत दोन मुलांना जुलाब झाले आणि बोट आमच्याकडे आलं. वेबिल काढलं. त्या दिवशी आम्ही त्या वस्तीत गेलोच नव्हतो. तेव्हापासून पोरं गप भरतात.

फ्रीजचं म्हणाल तर घेऊ नका. फ्रीज असला की उद्या बघू म्हणून माणूस घेतच सुटतो. आणि घमेलंभर गरम भात घरच्या फ्रीजमध्ये कोंबला तर त्याच्या मधोमध रात्रभर ऊब राहते. आमच्याकडे झाकण घट्ट बसणारे स्टीलचे बारा डबे आहेत, दोन जाड गोधड्या आहेत आणि पुतण्याचा छोटा हत्ती टेम्पो. तुमच्या रिक्षावरही भागेल.

आता तुमच्या "नको"विषयी. हे मला कळायला तीन वर्षं लागली.

आमच्याही एका वस्तीत एक म्हातारी होती. मी डबा पुढे केला तर तिने हात मागे घेतले. मी म्हटलं, "आजी, उष्टं नाही हो, उरलेलं आहे, पातेल्यातलं." ती म्हणाली, "लेकरा, माझ्या सासऱ्यानं वाड्यावरचं शिळं आणायचं बंद केलं, तवा घरात चार दिस चूल पेटली न्हवती. आता मी मागल्या दारानं परत चालू करू व्हय?" मी डबा घेऊन परत फिरलो. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळं-उष्टं न खाण्याचं सांगितलं होतं, आणि गावोगाव माणसांनी ते पोटाला चिमटा घेऊन पाळलं. माझ्या डोक्यात उष्टं आणि उरलेलं यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. तिच्या अंगणातून बघितलं तर दोन्ही लग्नघराच्या मागच्या दारानंच येत होतं. ताई, तुमच्या त्या वस्तीत काय कारण आहे मला माहीत नाही. पण डबे घेऊन परत जाण्याआधी एकदा रिकाम्या हाताने जा, बसा, चहा घ्या.

मी तेच केलं. त्याच वस्तीतल्या बायका म्हणाल्या, शिजवलेलं नको, भाजी आणा. मार्केट यार्डात सकाळचे सौदे उरकले की दबलेला टोमॅटो, वाकडी काकडी, वरची पानं सडलेला कोबी असा माल पडून असतो. व्यापाऱ्याला तो उचलून टाकायची मजुरी पडते. आम्ही अकराला जातो, तिथंच निवडतो, सडकं गुरांना. उरलेलं वस्तीत समाजमंदिराच्या ओट्यावर मांडतो. किलोला दोन रुपये घेतो. हो, घेतो. बायका पारखून घेतात, "ही भेंडी जून हाय, दुसरी बघ" म्हणून मला झापतात. ती म्हातारी सगळ्यात जास्त झापायची.

खरं तर हे मला २०१९च्या महापुरातच कळायला हवं होतं. ऑगस्टमध्ये सांगलीत चहूकडून भाकऱ्या आल्या. लोकांनी रात्र-रात्र जागून थापलेल्या, गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या. तिसऱ्या दिवशी हिरव्या. एका शाळेमागे मी स्वतः चार पोती भाकरी पुरली. आणि त्याच शाळेच्या व्हरांड्यात बाया विचारत होत्या, "तेल-मीठ मिळंल का वो कुठं?"

आणि कॅलेंडर बघा. तुळशीचं लग्न लागलं की आपला हंगाम सुरू, चातुर्मास लागला की बंद. ऊसतोड मजूर दिवाळी ते उन्हाळा फडावर असतो, तेवढं जुळतं. पण आषाढ-श्रावणात बांधकामं थांबतात, नाक्यावर उभ्या मजुराला काम नसतं, आणि नेमकं तेव्हा आपलं पातेलं कोरडं. तुम्ही टेम्पोचं कर्ज काढलंत तर चार महिने हप्ते कशाचे भरणार? मी तेव्हा भाजी आणि थोडी डाळ-तेल यावर चालवतो.

शिजवलेलं जे येतं ते आता बहुतेक दवाखान्यांकडे नेतो. मिरजेला कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात. पेशंटला जेवण मिळतं, सोबत आलेल्याला नाही. ती माणसं डबा घेताना लाजत नाहीत, कारण उद्या गावी परतणार असतात.

रोखठोक, नाशिक

राग मानू नका, पण उपाशी आहे कोण? रेशनवर धान्य फुकट. शिवभोजन थाळी १० रुपयांत. हे सगळं स्वतःच्या समाधानासाठी चाललेलं असतं.

निवृत्त वाहक, मिरज

समाधान मिळतं, खोटं कशाला बोलू.

पण हिशेब करा. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो. दिवसाला १६६ ग्रॅम पडतं. कोयता चालवणाऱ्या माणसाच्या एका वेळच्या भाकऱ्याही त्यात होत नाहीत. तेल, डाळ, भाजी, सरपण विकतच. शिवभोजन २६ जानेवारी २०२०ला सुरू झालं तेव्हा मीही रांगेत उभा राहून खाल्लं. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, एक मूद भात, चांगलं होतं. पण ते दुपारचं. बायपासवर खडी टाकणारा माणूस दुपारी तालुक्याला येणार कसा? मिरजेला आलात तर या एकदा फेरीला. पुढच्या सीटवर जागा असते.

भटारखाना, कोल्हापूर

मी आचारी. वीस वर्षं लग्नं उठवतोय.

उरतं ते यजमानाच्या धास्तीनं. "कमी पडलं तर नाक कापलं जाईल." ५०० पानं सांगतात, मला अंदाज असतो चारशेच्या आसपास येतील. पण बिल पानावर. उरलं काय, सरलं काय, माझे पैसे तेवढेच. मग मी कशाला कमी शिजवू? हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

वाहककाकांसारखे एक जण आमच्याकडेही यायचे. त्यांनी मला एक गळ घातली. सगळा भात एकदम टाकू नका, तांदूळ धुऊन तयार ठेवा, दुसरी पंगत बसली की माणसं मोजा आणि मग शेवटचं पातेलं चढवा. मसालेभाताला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात जमतं. आता मी तसंच करतो. न शिजलेला तांदूळ यजमानाला परत देतो, तो बघतच राहतो. एकाने तो तांदूळ त्या काकांनाच दिला, पोतं न उघडता.

गंमत म्हणजे गेल्या हंगामात काकांना माझ्याकडून मोजून दोन फेऱ्या मिळाल्या. त्यांची पोरं नाराज झाली, "काका, आता आपण करायचं काय?"

कृष्णाकाठची, कराड

सगळ्यांचे आभार. नोंदणीचे कागद जमवायला घेतले आहेत, टेम्पोचं कोटेशन फाडलं. कार्यालयांतल्या चिठ्ठ्यांवर "रात्री ९ नंतर फोन करू नये" असं पेनाने लिहून आले. एका मॅनेजरने लगेच ती चिठ्ठीच काढून टाकली, म्हणजे काकांचं खरं निघालं.

काल त्या वस्तीत रिकाम्या हाताने गेले. चहा मिळाला. कारण फारच साधं निघालं. आम्ही डबे वाटताना फोटो काढायचो आणि एका मुलीचा फोटो तिच्या शाळेतल्या पोरांच्या मोबाइलवर पोचला होता. ती आठवडाभर शाळेत गेली नव्हती. फोटो मीच टाकला होता. ग्रुपवरचे सगळे फोटो काढले. त्या घरी परत जायचंय, अजून धीर होत नाहीये.

थर्मामीटर आणलाय. काकांना एक विचारायचं होतं, कडेला ६४ दाखवतो आणि वरच्या थराला ५०. कुठला धरायचा?

निवृत्त वाहक, मिरज

कमी असेल तो. आणि कडेला घालू नका, पातेलं तापलेलं असतं, तो धातूचा आकडा येतो. आधी खालपासून ढवळून घ्या, मग मधोमध चार बोटं खोल खुपसा आणि आकडा थांबेपर्यंत धरा. प्रत्येक पातेल्यानंतर गरम पाण्याने पुसून घ्या.

त्या मुलीच्या घरी उद्याच जा. परवावर टाकलंत तर राहून जाईल.