शब्दचर्चा : ‘रेझिलियन्स’साठी चिकाटी की उभारी?

प्रश्न : संगणकाच्या साहाय्याने गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांविषयीच्या एका लेखाचा मी अनुवाद करत आहे. त्यात वारंवार येणाऱ्या ‘रेझिलियन्स’ (अडचणीतून सावरण्याची क्षमता) या संज्ञेसाठी ‘लवचिकता’ योजावी की ‘चिकाटी’?

उत्तर : मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. ‘लवचिकता’ वाकण्याविषयी बोलते, सावरण्याविषयी नाही. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘उसळून मागे येणे’ असा असल्यामुळे भौतिकशास्त्रातील ‘स्थितिस्थापकता’ त्याला अधिक जवळची आहे. परंतु ताणलेली स्प्रिंग सोडल्यावर होती तिथेच येते, आणि चुकलेला विद्यार्थीही होता तिथेच परत आला, तर तो शिकला असे कोण म्हणेल?

‘चिकाटी’ची अडचण वेगळी आहे. जिओजेब्रा या भूमितीच्या आकृत्या काढण्याच्या संगणक-प्रणालीमध्ये त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारे वर्तुळ काढायला सांगितले, की पुष्कळ विद्यार्थी ते आधी नजरेच्या अंदाजाने बसवतात. ते अचूक दिसते खरे, मात्र एखादा शिरोबिंदू माउसने ओढला, की वर्तुळ त्याच्यापासून सुटते. मग केंद्र किंचित इकडे, किंचित तिकडे सरकवण्यात अर्धा तास जातो. हीसुद्धा चिकाटीच, पण वांझ. बाजूंचे लंबदुभाजक काढून ते जिथे छेदतात तिथे केंद्र घ्यावे, हे सुचायला आधीची वाट सोडावी लागते. (वहीत निदान खाडाखोड तरी उरते; पडद्यावर ‘अन्डू’ दाबले, की चुकीचा मागमूसही राहत नाही.)

म्हणून मी ‘उभारी’ सुचवीन. पावसाने ओढ दिली तरी पीक तग धरते, आणि सर येऊन गेली की उभारी धरते. तग म्हणजे नुसते टिकणे. उभारी म्हणजे पुन्हा वाढीला लागणे.

प्रश्न : पण उभारी दुसऱ्याने ‘दिली’ही जाते. मग तो विद्यार्थ्याच्या अंगचा गुण कसा?

उत्तर : ते तर इथे पथ्यावरच पडते. गणितशिक्षणाच्या संदर्भात ही संज्ञा २०१०च्या सुमारास मांडणाऱ्या इंग्लंडमधील स्यू जॉन्स्टन-वाइल्डर आणि क्लेअर ली यांनी, अडल्यावर मदत मिळवता येणे हा तिचाच भाग मानला आहे. ‘गणिती उभारी’ कानाला खटकत असेल, तर पहिल्या उल्लेखात ‘गणितात पुन्हा उभारी धरण्याची क्षमता’ असे उलगडून लिहावे आणि पुढे नुसते ‘उभारी’ ठेवावे.