आकाश सांभाळा, जमीन नंतर उचला: हा सल्ला चुकीचा आहे

खडकाळ: काल इथे कुणीतरी निसर्गाचे फोटो काढणाऱ्या नवख्यांना सांगितलं, "कायम आकाशासाठी एक्स्पोज करा (म्हणजे आकाश बघून प्रकाश ठरवा), जमीन नंतर उचलता येते (एडिटिंगमध्ये उजळता येते)." येत नाही! जमीन ४ स्टॉप खाली (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) ठेवलीत तर तिच्या वाट्याला १/१६ च प्रकाश आला. मग उजळायला एडिटिंगचा स्लायडर ओढला की गडद झाडीत जांभळट ठिपके उमटतात, खडकाचा पोत पुसला जातो. आणि आकाशात एकही ढग नसेल तर वाचवताय काय?

मेघदर्शी: ते मीच लिहिलंय. नॉइज, म्हणजे ते ठिपके, कमी करता येतो. जळालेला, पांढराफट्ट झालेला ढग कुठून आणाल? लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल भरले की तिथे काही नोंदलेलंच नसतं. वादळाआधीच्या ढगांचा माझा फोटो कॅमेऱ्यावर जवळपास काळा दिसत होता. जमीन ३ स्टॉप उचलली, मोठा छापला, आज भिंतीवर आहे.

खडकाळ: तुमचा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) जेपेगचा असतो. तो उजवीकडे, उजळ टोकाला टेकला तरी रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, बऱ्याचदा जागा उरते. उगाच घाबरून प्रकाश कमी करता.

सावली: ट्रायपॉड लावा, आकाशासाठी एक, जमिनीसाठी एक अशा दोन फ्रेम घ्या, जोडा. विषय संपला.

फिल्मवाला: दोन वेगळ्या क्षणांचं ठिगळ! ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक काच) लावा आणि एकदाच काय ते घ्या.

सावली: फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश दोन निगेटिव्हवरून एका कागदावर छापत होता. तेव्हाचं कलोडियन (निगेटिव्हच्या काचेवरचा थर) निळ्याला इतकं संवेदनशील की आकाश पांढरंफट्टच यायचं. तो काय लबाड होता?

फिल्मवाला: त्याचा नाइलाज होता. तुमचा नाही.

सावली: आणि तुमच्या फिल्टरने क्षितिजावर आलेल्या डोंगराचा माथा काळा होतो, ते खरं? डोळ्यांना तो तसा दिसला होता?

फिल्मवाला: काळा असला तरी त्याच क्षणाचा आहे. मला शिकवू नका.

मेघदर्शी: वारा सुटला की जोडकाम फसतं, फांद्या दुहेरी येतात. म्हणून म्हणतो, एकच फ्रेम.

खडकाळ: बरं, सूर्य चौकटीत असेल तर आधी आकाश, हे मान्य. पण तो "कायम" काढा.

मेघदर्शी: काढला. सपाट ढगाळ दिवशी उजवीकडे ढकला, प्रकाश वाढवा हवा तेवढा. भरल्या आकाशाखाली मात्र मी जमीनच अंधारात ठेवणार.

फिल्मवाला: जोडलेल्या फोटोखाली तसं लिहा, एवढं तरी करा.

सावली: लिहीन. तुम्हीही फिल्टर लावल्याचं लिहा.