लोगो पूर्ण बदलायचा की आहे तोच सुधारायचा?

प्रश्न

मंडळी, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत एकटीच डिझायनर आहे. कंपनी १२ वर्षांची, लोगोही तेवढाच जुना आणि आमच्या संस्थापकांनी स्वतः काढलेला: दातेरी चक्र, त्यात उडणारा पक्षी, निळ्यातून जांभळ्यात जाणारा ग्रेडियंट. मोठ्या बॅनरवर उठून दिसतो. ब्राउझरच्या टॅबवर १६ पिक्सेलमध्ये मात्र पक्ष्याचा नुसता ठिपका होतो, आणि डार्क मोडमध्ये चक्राचा खालचा भाग पार बुडतो.

आता वरून निरोप आलाय: सगळं नवं करा, महिन्याभरात तीन पर्याय दाखवा. पण ग्राहक आम्हाला त्या पक्ष्यावरूनच ओळखतात, आणि खरं सांगायचं तर माझाही त्याच्यावर जीव आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर १

ताई, पर्याय काढायला इतक्यात बसू नका. लोगो जिथे जिथे लागलाय त्या सगळ्या जागा आधी गोळा करा: ॲपचं आयकॉन, लॉगिनचं पान, इनव्हॉइसची पीडीएफ, आपोआप जाणारे ईमेल, जुनी डॉक्युमेंटेशन. प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घ्या.

हे मी अनुभवावरून सांगतोय. आधीच्या नोकरीत आम्ही नवा लोगो वेबसाइटवर चढवला आणि पासवर्ड बदलण्याच्या ईमेलचा साचा तसाच राहिला. नवं पान, जुना ईमेल. ग्राहकांना वाटलं कोणीतरी फसवतंय. सपोर्टवाल्यांचे ते दोन आठवडे मी विसरलेलो नाही. डिझाइनपेक्षा जास्त वेळ या यादीला द्या.

दोष नेमका कुठे आहे तेही त्या यादीतूनच कळेल. स्लॅकने (ऑफिसातल्या गप्पांचं ॲप) २०१९ मध्ये लोगो बदलला तेव्हा कारण स्वतःच सांगितलं होतं: जुन्या, हॅशटॅगच्या (#) आकाराच्या लोगोत ११ रंग होते, तो १८ अंशांत कललेला असायचा, आणि पांढरी सोडून दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला की बिघडायचा. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी त्याची वेगवेगळी रूपं वापरावी लागत होती.

उत्तर २

पक्ष्याबद्दल बोलते. रॉब जॅनॉफने १९७७ मध्ये ॲपलचं सफरचंद काढलं. त्याचा घास घेतलेला दाखवला तो लहान आकारात ते चेरी वाटू नये म्हणून. १९९८ च्या सुमारास रंगीत पट्टे गेले, पण बाह्यरेषा आणि तो घास राहिला. तुमच्या पक्ष्यातला असा घास कोणता, ते शोधा. फक्त काळ्या रंगात, एका सपाट आकारात काढून बघा. ओळखू आला तर ठेवा. ग्रेडियंटसाठी मी तरी एक मिनिट वाद घालणार नाही.

तीन पर्यायांचं म्हणाल, तर नामवंत डिझायनर पॉल रँडने १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट या संगणक कंपनीसाठी एकच लोगो दिला होता, सोबत तो तसाच का याची पुस्तिका. तेवढा मान आपल्याला कोणी देत नाही, मान्य आहे. पण एकाच कल्पनेच्या तीन पायऱ्या दाखवता येतात: आहे तो, नीट केलेला, आणि अगदी कमीत कमी रेषांतला. तीन वेगळ्या दिशा दाखवल्यात की मंडळी एकाचा रंग, दुसऱ्याचा आकार मागतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. यादी केली: ४३ जागा निघाल्या, आणि निळ्याच्या सात छटा. सगळं छापून भिंतीवर लावलं आणि संस्थापकांना बोलावलं. ते बराच वेळ १६ पिक्सेलवाल्या ओळीसमोर उभे होते. मग चक्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे काढलं तर पक्ष्याला जागा मिळेल ना?"

चक्र गेलं. पक्षी आता एका रंगात आहे. डावा पंख अजून शेपटीत मिसळतोय, मधली फट दोन पिक्सेलची करून बघतेय. ईमेलच्या साच्यांची यादी मात्र आजच डेव्हलपरांकडे दिली.