नरवानर गणाचा उगम भारतीय भूखंडावरच झाला का?

कातळवेडा (धागाकर्ता):
सुरतजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीत केनेथ रोझ, अशोक सहानी, थिएरी स्मिथ यांच्या चमूला सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीचे सस्तन प्राणी सापडले. त्यात मार्कगोदिनोशियस, एशियाडापिस, वस्तानोमिस हे आपल्याच म्हणजे नरवानर (प्रायमेट) गणातले. त्यांच्या हातापायांच्या हाडांवरचं संशोधन २०१६ साली आलं. लेमूरकडे जाणारी शाखा आणि टार्सियर, माकड, माणूस यांच्याकडे जाणारी शाखा, दोन्हींची हाडं तिथे एकमेकींच्या फार जवळची आहेत. फाटा फुटला तो इथेच, असं माझं ठाम मत आहे. आशियाकडे सरकणाऱ्या भारतानेच काही सस्तन गण तिकडे नेले, असं क्राउस आणि मास यांनी १९९० मध्येच सुचवलं होतं.

दूरचा_किनारा:
अजिबात पटलं नाही. ठेवण आदिम असली म्हणून वय जुनं ठरत नाही. बाकी जगापासून तुटलेल्या भूखंडावर जुनी ठेवण फार काळ टिकू शकते. टायलहार्डिना हा चिमुकला प्राणी चीनमधल्या हुनान, बेल्जियम आणि वायोमिंगमध्ये ५ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासच्या थरांत, पृथ्वी झपाट्याने तापली त्या काळात, दिसतो. म्हणजे वस्तानच्याही आधी! २००६ साली थरांतल्या कार्बन समस्थानिकांच्या (कार्बनच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) खुणा जुळवून त्याचा प्रवास आशियातून युरोप आणि तिथून उत्तर अमेरिका असा मांडला गेला. मांडणारे कोण, तर स्मिथ, रोझ आणि जिंजरिच. पहिले दोघे वस्तानचेच. त्या वाटेवर भारत नाही.

मातीचा_माणूस:
आणि केम्बेथेरियम? घोडा-गेंड्याच्या गणाच्या मुळाशी इतका जवळचा प्राणी वस्तानलाच का मिळावा?

दूरचा_किनारा:
तिथेही अडचण तीच. प्राणी आदिम, पण खरे विषमखुरी इतरत्र त्याच्या आधीच हजर. शिवाय वस्तानच्या बऱ्याच प्राण्यांचे जवळचे नातलग युरोपात आहेत. ते बाहेरून इथे आले, असंही तितक्याच जोराने म्हणता येतं.

कातळवेडा:
तारखांचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. तेलंगणातल्या नसकलला दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात डेक्कनोलेस्टिस हा छोटा सस्तन प्राणी मिळाला. तो नरवानर नव्हे, हे मीही म्हणतो. पण तिथून वस्तानपर्यंतच्या एक कोटीहून अधिक वर्षांतले सस्तन प्राणी भारतात जवळपास सापडलेलेच नाहीत. मधली पानंच हाती नसताना भारताला यादीतून कसं काढता?

दूरचा_किनारा:
काढत नाही. त्या मधल्या काळातला नरवानराचा एक दात भारतात मिळाला, तर मी लगेच तुमच्या बाजूने येईन. तोवर 'इथेच' हा शब्द मागे घ्या.

कातळवेडा:
नाही घेणार. पण त्या थरांत शोध घ्यायला हवा, एवढ्यावर तरी आपलं जमलं.