पायातली शीर संपली की पुढं काय? नॅनोफायबर-स्टेम सेलवर सरकारनं खर्च करावा का?

पंचगंगाकाठ: बाबांच्या बायपासला पायातली शीर काढून हृदयाला जोडलेली, दहा वर्षांनी ती बंद पडलीय आणि दुसऱ्या पायातली फुगलेली, घेण्यासारखी नाही म्हणतात डॉक्टर. प्लास्टिकची नळी का नको विचारलं तर म्हणाले ६ मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत रक्त लगेच गोठतं, खऱ्या वाहिनीला आतनं पेशींचं अस्तर असतं ते गोठू देत नाही. मग हे अस्तर पेशंटच्याच स्टेम सेलपासनं (ज्यांच्यापासनं वेगवेगळ्या पेशी घडतात त्या मूळ पेशी) नॅनोफायबरच्या, म्हणजे अतिबारीक तंतूंच्या नळीवर वाढवायचं संशोधन चाललंय त्याला पैसा द्यायलाच पाहिजे. शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्स शिकवतात, पोरं बाहेर का जावीत?

सिस्टर_राजारामपुरी: दादा, वाचून वाईट वाटलं. पण पटलं नाही. प्रयोगशाळेत पहिली रक्तवाहिनी १९८६ ला केली, अजून बायपासला रोजच्या वापरात एक नाही. तोच पैसा बीपी-शुगर तपासणीला घाला. आणि स्टेम सेल म्हटलं की लोक डोळे झाकून पैसे देतात, आमच्या गल्लीतल्या काकांनी गुडघ्यासाठी लाखभर घातले, गुण काही नाही. २०१७ च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) नियमात रक्ताचे काही आजार सोडले तर ट्रायलबाहेर स्टेम सेलच्या उपचाराला परवानगीच नाही.

मागवाला_इचलकरंजी: सिस्टर, महाधमनीला आज जे डेक्रॉन लावतात ते पॉलिएस्टरच की, अमेरिकेतले सर्जन डॉ. डीबेकींनी १९५० च्या दशकात बायकोच्या शिलाई मशीनवर शिवून बघितलेलं. तेव्हा पण लोकांना पटलं नसणारच. आता सुईतनं पॉलिमरचं द्रावण सोडून हजारो व्होल्ट देतात आणि केसापेक्षा शेकडो पट बारीक तंतू निघतो, शरीरात पेशींना आधार देणारं कोलॅजन प्रथिनाचं जाळं साधारण तेवढंच बारीक, म्हणून पेशी त्याला धरून वाढतात. आयुष्य सुतात गेलं माझं, हे वाचून अंगावर काटा आला.

सिस्टर_राजारामपुरी: काका, पण वीण एवढी दाट होते की पेशी आत शिरतच नाहीत, वरच बसतात. शिवाय वाढवायला कित्येक आठवडे, ॲटॅक आलेला माणूस थांबणार कसा? अमेरिकेत डिसेंबर २०२४ ला प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका वाहिनीला मान्यता मिळाली, ती दुसऱ्याच्या पेशींपासनं वाढवून मग पेशी धुऊन काढलेली, आणि ती पण अपघातात हातापायाची वाहिनी तुटली तर. हृदयासाठी नाही.

पंचगंगाकाठ: ताई, धुतल्या तरी आधी पेशी वाढवल्याच की! तयार ठेवता येते म्हणजे थांबायचा प्रश्न पण मिटला. टोकियोत १९९९ ला चार वर्षांच्या मुलीला तिच्याच शिरेतल्या पेशी घालून विरघळणारी नळी बसवली, फुप्फुसाकडं जाणाऱ्या धमनीत. नियम कडक ठेवा, माझी ना नाही, पण काम थांबवू नका.

सिस्टर_राजारामपुरी: थांबवा म्हणत नाही, आधी काय एवढंच म्हणते. ट्रायल आहे म्हणून कोणी पैसे मागितले तर उठून या. आणि बाबांच्या हातातली धमनी घेता येईल का विचारलंत का? बायपासला ती पण वापरतात.

पंचगंगाकाठ: नाही ओ. सोमवारी दाखवायला जायचंय, विचारतो.